वरची मूठ

लॉकडाऊनमध्ये मासळीबाजार बंद पडला, तेव्हा एक कोळीण बोईसरच्या आमच्या इमारतीत सुपरमार्केटच्या पिशव्या पोचवायची. लिफ्टही बंद होती. एकदा माझ्या दारात पिशवी टेकवत ती म्हणाली, "दादा, तुमी धडधाकट. दुकानात जा ना. माजे गुडगे वरच्या आजींसाठी ऱ्हाऊ द्या."

राग आला, पण मी दुकानाच्या रांगेत उभा राहू लागलो.

चौथ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींच्या पिशवीवर ती घरची मूठभर सुकट ठेवायची. गिऱ्हाइकाला वर मूठभर टाकायची सवय हातातून जात नव्हती.

"मला नाही?" मी जिन्यात विचारलं.

"बाजार उघडला की या."

उघडल्यावर गेलो. कोलंबी घेतली. मूठ वर टाकताना तिचा हात थांबला. "आजी हायत ना?"

"आहेत."

तिनं आणखी एक मूठ टाकली.