आबांचे कालयान

आमच्या आबांनी बनवलेले कालयान चालले, हे मी आधीच कबूल करतो. माझी तक्रार आहे ती ते थांबले नाही याबद्दल.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तेव्हा ऐन भरात होती. भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत रोज एकच विषय : मुंबई मिळणार की नाही? मी एका कचेरीत कारकून होतो आणि फावल्या वेळात (म्हणजे कचेरीच्या वेळात) नाटके लिहीत असे. त्या वर्षी गणपतीसाठी मी एक नाटक लिहिले. त्यातला नायक यानात बसून पाच वर्षे पुढे जातो, निकाल बघतो आणि परत येऊन सांगतो, "मुंबई महाराष्ट्राला मिळाली!" नायक अर्थातच मी.

आबा म्हणजे माझे वडील, गिरणीत फिटर. माझ्या लिखाणाकडे त्यांनी कधी ढुंकून पाहिले नव्हते. पण बायकोला, नलूला, मी नाटक वाचून दाखवत होतो तेव्हा ते जेवता जेवता थांबले.

"ह्यां यान चलता कशावर?"

"आबा, ते काल्पनिक आहे."

"असांदे. पण चलता कशावर?"

"बटण दाबलं की चालतं."

आबांनी माझ्याकडे असे पाहिले, की मी पंचवीस वर्षांचा झालोच कसा, असे मलाच वाटले.

"पृथ्वी फिरता मां? मगे तू उद्यात पोचासर ती फुडे गेली. तू उतरतलस खंय? आभाळात?"

हे माझ्या डोक्यात आलेच नव्हते. नलू म्हणाली, "खरंच की हो. पडाल कुठे तरी."

"म्हणान यानाक नुसतां फिरान चलाचा नाय," आबा म्हणाले, "धावूकय व्हयां." मग त्यांनी भाताचे ताट बाजूला सारून मला काळ समजावला. काळ म्हणजे सूत. कालच्या बॉबिनवरून सुटते, उद्याच्या बॉबिनवर गुंडाळले जाते. उद्याची बॉबिन जोरात फिरवली की माणूस आधी पोचतो. मला पटले. (मला अजूनही पटते.)

मग महिनाभर आम्ही दोघे खपलो. रंगाचे एक रिकामे भले मोठे पिंप आणले, चंदेरी रंग दिला, आत स्टूल बसवले. पिंपाखाली मोठे बेअरिंग. बाहेरून जाड दोर गुंडाळायचा आणि चौघांनी विंगेतून ओढायचा, की पिंप भोवऱ्यासारखे गरगरणार. दाराला कडी बाहेरून; कारण, आबांच्या मते, अंतराळात दार उघडले तर वारा लागतो. त्या महिन्यात आबा माझ्याशी जेवढे बोलले तेवढे जन्मात बोलले नव्हते. त्यामुळे "कडी आतून असू दे" हे सांगायचे माझ्या जिवावर आले.

नाटकाच्या दिवशी संध्याकाळी सव्वासातला मी प्रेक्षकांना नमस्कार करून पिंपात शिरलो. आबांनी कडी लावली. ते बाहेरून हळूच म्हणाले, "घाबरा नको. बेअरिंगाक डबल तेल घातलंय."

घाबरायला मी तिथेच सुरुवात केली.

पुढचे मला नलूने सांगितले. चौघांनी दोर ओढला. पिंप इतके सुरेख फिरले, की पहिल्या रांगेतल्या आजींनी हात जोडले. चौघांना वाटले, टाळ्या मिळताहेत तर आणखी ओढू. तेवढ्यात पिंप बेअरिंगवरून उतरले, आडवे झाले आणि रंगमंचावरून खाली आले. लोकांनी अदबीने वाट दिली. चाळीच्या फाटकाबाहेर उतार होता. यान फिरतही होते आणि धावतही होते.

नाक्यावर चळवळीची सभा चालू होती. वक्ते विचारत होते, "मुंबई कुणाची?" तेवढ्यात पिंप येऊन व्यासपीठावर आदळले. मग आतून, बेशुद्धीतही पाठांतराला जागून, माझा आवाज आला, "मुंबई महाराष्ट्राला मिळाली!"

अशा टाळ्या माझ्या कुठल्याच नाटकाला पडल्या नाहीत. सभेने पिंप उभे केले (मी आत उलटा झालो), त्याला हार घातला आणि घोषणा देत परत चाळीत आणून पोचवले. कडी काढायचे तेवढे कुणाला सुचले नाही.

मी शुद्धीवर आलो तेव्हा डोके नलूच्या मांडीवर होते. समोर आबा घड्याळ बघत उभे. चेहऱ्यावर असे समाधान, की बेअरिंगचे काय झाले हे विचारवेना.

"आबा," मी म्हटले, "नाटक पडलं."

"पडूंदे. माका सांग, आत बसलस तेव्हा वाजले किती?"

"सव्वासात."

"आता आठ. मधला काय आठावता?"

"काहीच नाही."

"झाला तर," आबा म्हणाले. "पाऊण तास फुडे गेलस."

भविष्यकाळात जाऊन आलेला आमच्या चाळीतला मी एकमेव माणूस आहे. तिकडे कसे काय आहे, हे मात्र मला विचारू नका. मी पूर्ण वेळ बेशुद्ध होतो.