डाव्या बाजूचं दूध

गादीवाल्याच्या बायकोला सगळी गल्ली 'म्हातारी' म्हणायची. वय जेमतेम तीस. पण दिवसभर कापूस पिंजून संध्याकाळी तिच्या केसांवर, भुवयांवर असा पांढरा थर बसायचा, की वाऱ्यावर तरंगणारी सावरीची म्हातारीच दुकानात गाद्या शिवायला उतरली आहे असं वाटावं. तिला ते नाव आवडायचं. "लवकर म्हातारी झाले, एकदाची काळजी मिटली," म्हणायची. घरातली खरी म्हातारी, म्हणजे तिच्या सासूबाई, यांना मात्र ते मुळीच खपत नसे. आपली हक्काची जागा सुनेने जिवंतपणीच बळकावली, अशी त्यांची तक्रार.

गादीवाला स्वतः मुळातच उशी. जिकडून दाबावं तिकडून दबायचा, आवाज नाही. दुकान चालायचं ते बायकोच्या जिभेवर आणि तळहातावर. गिऱ्हाईक जुनी गादी टाकायचं, ती डोळे मिटून वरून हात फिरवायची आणि म्हणायची, "इथे गाठ. इथेही. साहेब, गाठीवर झोपता तुम्ही आणि पाठ दुखली की ओरडता बायकोवर? गाठ आपोआप विरत नसते. उसवावी लागते." हे प्रवचन ऐकल्याशिवाय त्या दुकानातून कोणी सुटलेलं नव्हतं.

आणि ह्याच बाईच्या डाव्या छातीत, काखेच्या अंगाला, गाठ होती. तिच्याबद्दल तिने कित्येक महिने तोंडातून ब्र काढला नव्हता.

लेक आठ महिन्यांची होती. गेले काही दिवस ती डाव्या बाजूला घेतलं की तोंड फिरवायची, रडून घर डोक्यावर घ्यायची. उजवीकडे घेतलं की लगेच गुटगुट प्यायची. शेजारची इस्त्रीवाली म्हणाली, "तुझी पोर एका बाजूची आहे गं!"

"असू दे. घरातल्या भांडणात कामाला येईल," म्हातारी म्हणाली.

हसली खरी, पण तिला कारण ठाऊक होतं. निदान तसं तिला वाटत होतं. डावी बाजू लेकीची नव्हतीच. ती तिच्या भावाची होती.

हा भाऊ लेकीच्या तीन वर्षं आधी झाला होता. दिवस पूर्ण भरले होते. पण तो रडला नाही. म्हातारी भुलीत होती. शुद्धीवर आली तोवर सगळं आवरून झालं होतं. तिने त्याला पाहिलंही नाही. घरी आल्यावर सासूबाईंनी फर्मान काढलं, "तो विषय ह्या घरात नाही. झालंच नाही असं समज." सासूबाईंचं फर्मान म्हणजे भिंतीवरच्या पालीनेही ऐकावं असं. सगळ्यांनी ऐकलं. दुधाने मात्र ऐकलं नाही. ते आलं. प्यायला कोणी नाही आणि दूध येतंच आहे. सासूबाईंनी फाटक्या चादरीच्या पट्ट्यांनी छाती आवळून बांधली. उजवी बाजू लवकर आटली. डावी बरेच दिवस ओली होत राहिली, आणि मग एक दिवस तीही थांबली. म्हातारीने मनाशी ठरवून टाकलं, हे गेलं नाही, आत बसलं.

म्हणून गाठ पहिल्यांदा हाताला लागली तेव्हा ती घाबरली नाही. घाबरायला हवं होतं ते तिथेच. उलट तिला वाटलं, इतक्या वर्षांनी मायलेकांची गाठ पडली. दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, की ती कापसाच्या ढिगाशी बसून काखेशी हात धरायची आणि हळूच बोलायची. "बघ, तुझी बहीण. तुझ्या वाट्याला तोंडसुद्धा लावत नाही." कधी कधी त्या ढिगात तान्ह्या बाळाएवढा खळगा पडलेला असायचा. लेक तर पलीकडे पाळण्यात झोपलेली असायची. म्हातारी तो खळगा कधी सारखा करत नसे.

एका दुपारी सासूबाई आत आल्या आणि दारातच थबकल्या.

"कोणाशी बोलत होतीस?"

"कोणाशी नाही, आई."

"मग हात कुठे आहे तुझा?" त्यांनी पदर बाजूला केला, स्वतः चाचपून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. गाठीवरची कातडी आत ओढल्यासारखी झाली होती. "अगं भवाने, सगळ्या गावाच्या गाद्या उसवतेस, आणि ही ठेवलीस जपून? चल, चप्पल घाल!"

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. तपासताना एकेक विचारत गेल्या. पाळी कधी आली, आई-मावशी-आत्यांपैकी कोणाला असं काही झालं होतं का.

"पहिलं बाळंतपण कितव्या वर्षी?"

"एकोणतिसाव्या," सासूबाई म्हणाल्या.

"सव्विसाव्या," म्हातारी म्हणाली.

घरात ज्याला बंदी होती ते इथे एका आकड्याने बाहेर पडलं. सासूबाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

"दोन झाली. पहिला मुलगा. तो रडला नाही."

"त्याला अंगावर पाजता आलं नसेल," डॉक्टरीणबाई हलकेच म्हणाल्या.

"नाही. त्याचं आहे ना अजून. हे काय, इथे."

डॉक्टरीणबाईंनी सुईने गाठीतला तुकडा काढून तपासायला पाठवला. पुढच्या आठवड्यात नवराबायकोला समोर बसवून सांगितलं, की हा कॅन्सर आहे. "ह्यात दूध नाही, बाई. दूध साचून हा होत नाही, आणि तुमचं काही चुकलेलंही नाही. बाळंतपणानंतर काही वर्षं ह्याचा धोका थोडा वाढतो. तुमच्या वयात क्वचित होतो, पण होतो. पाजणाऱ्या बाईची गाठ म्हणजे दुधाचीच, असं सगळे धरून चालतात, म्हणून तो उशिरा कळतो. आता उशीर नको. गाठ काढू, औषधं देऊ. बाळाला मात्र वरचं दूध सुरू करा."

घरी येऊन म्हातारी कापसाच्या ढिगाशी बसली. "मी काढू देणार नाही."

उशी पहिल्यांदाच बोलली. "अगं, पोरीकडे बघ तरी."

"पोरीला तुम्ही सगळे आहात. त्याला कोण आहे? एक फोटो नाही, नाव नाही. तुमच्या घरात तो झालाच नाही. ही काढली, की खरंच झाला नाही."

गादीवाला आईकडे बघू लागला. एरवी टोमण्यांची रांग लावणाऱ्या सासूबाई गुडघे धरत सुनेशेजारी बसल्या. बराच वेळ कापसाचा एक पुंजका बोटांनी विंचरत राहिल्या.

"जावळ होतं त्याला," त्या म्हणाल्या.

"काय?"

"दाट. मानेवर उतरलेलं. कपाळाशी भोवरा, अगदी तुझ्यासारखा. म्हटलं, आईवर गेलाय, म्हणजे हट्टी."

"तुम्ही पाहिलात?"

"मी घेतला होता त्याला. नर्स न्यायला आली, मी दिला नाही. गार पडला, तरी धरून बसले. एक कान दुमडलेला होता. मी बोटाने सरळ करायची, तो पुन्हा दुमडायचा. म्हटलं, ऊठ रे आळशा, आजीशी मस्करी करतोस?" त्यांनी हातातला पुंजका खाली ठेवला. "विषय नको म्हणाले, कारण तू मला विचारलं असतंस, आणि मला सांगावं लागलं असतं."

"कोणता कान?"

"उजवा."

"हात कसे होते?"

"तुझ्या नवऱ्यासारखे. पंजा मोठा."

म्हातारी विचारत राहिली. संध्याकाळ झाली, लेकीने वाटीतलं वरचं दूध नाक मुरडत प्यायलं, जेवणं झाली, तरी विचारणं संपेना. ओठ? रंग? मानेवर तीळ? सासूबाईंना जे आठवत नव्हतं ते त्या स्पष्ट 'आठवत नाही' म्हणत होत्या. उगाच रचून सांगत नव्हत्या. त्यामुळे बाकीचं सगळं खरं वाटत होतं.

ऑपरेशनच्या दिवशी इस्पितळाच्या बाकावर दोघी शेजारी बसल्या होत्या. गादीवाला लेकीला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होता. नर्सने दार उघडून हाक मारली.

"आले, आले," म्हातारी म्हणाली, आणि सासूबाईंकडे वळली. "आई, नखांचं राहिलं."

"वाढलेली होती," सासूबाई म्हणाल्या. "कापायला झाली होती."

ती उठली आणि आत गेली.