चिखलाच्या वाटेवरचं घर

ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगच्या युनिव्हर्सिटीत मी ज्वालामुखी शिकवते. कोरोनाच्या काळात मी ते घरी जेवणाच्या टेबलावरून शिकवत होते. लाव्हाचं फार कौतुक करू नका, असं मी पहिल्याच तासाला सांगते. त्याच्यापुढून बहुतेक वेळा चालत निघून जाता येतं. घाबरायचं ते उतारावरून सुटणाऱ्या तापलेल्या राखेच्या लोटाला. आणि त्या राखेवर पाऊस पडला की दगडधोंडे घेऊन नदीतून येणाऱ्या चिखलाला. त्याच्यापुढे धावून कोणी जिंकत नाही. नदीकाठ सोडायचा आणि बाजूचा चढ गाठायचा.

माझा नवरा पुलांचा इंजिनियर. इंडोनेशियात नेमका अशाच डोंगराखाली, नदीकाठच्या भाड्याच्या घरात तो अडकला होता. थोड्या दिवसांच्या कामाला गेला आणि सीमा बंद झाल्या. त्याचं तिकीट सारखं रद्द व्हायचं आणि मला देशाबाहेर पडायची परवानगी नव्हती. माझ्या खिडकीतून समुद्र दिसायचा. त्याचाही मला राग यायचा.

त्यात त्याला दमा. त्यामुळे फोनवर माझं रोजचं पालुपद होतं, गर्दीत जाऊ नकोस. तो इमानदारीने घरात बसायचा, सामानसुद्धा दाराबाहेर ठेवून घ्यायचा. डोंगर धुमसला की गाव वर टेकडीवरच्या शाळेत जमायचं. एकदा सगळे गेले, हा गेला नाही, आणि मला नंतर सांगितलं. मी त्याची अशी हजेरी घेतली की आठवडाभर तो माझ्याशी जपून बोलत होता.

मग एका दुपारी त्याचा फोन आला. "माथ्यावर जोरात पाऊस दिसतोय. इथे कोरडं आहे. लोक शाळेत चाललेत. काय करू? तिथे एकेका वर्गात खच्चून माणसं असतात गं."

त्याच्या मागे घरघर ऐकू येत होती. "तो आवाज कसला?"

"पुलावर ट्रक असेल."

ट्रकचा आवाज येतो आणि जातो. हा नुसता वाढत होता.

"अरे, निघ! शाळेत जा!"

"अगं, पण गर्दी..."

"गर्दीतच जा!"

"बरं, गॅस बंद करतो. कुलूप..."

आमच्याकडे कुलपाला लोंबकळून बघितल्याशिवाय कोणी घर सोडत नाही. माझ्या कानात ते खडखडलं. एकदा, मग पुन्हा.

"खड्ड्यात गेलं तुझं कुलूप!" मी इतकी किंचाळले की कुंपणापलीकडून शेजाऱ्याने विचारलं, "यू ओके, मेट?"

पावलं ऐकू आली आणि फोन कट झाला. नदीकाठचा रस्ता सपाट होता, दमेकऱ्याला सोपा. शाळेचा चढ छाती फोडणारा. तो कुठे वळला ते मला कळायला मार्ग नव्हता. समोरच्या लॅपटॉपवर माझंच लेक्चर उघडं होतं. मी ते बंद केलं आणि टेबलाची कड धरून बसून राहिले. रडूसुद्धा येईना.

बऱ्याच वेळाने अनोळखी नंबरवरून फोन आला. आधी नुसती धाप ऐकू आली, मग त्याचा आवाज.

"घर गेलं गं. कुलपासकट."

त्याच्या मागे पोरं रडत होती, बाया मोठ्याने बोलत होत्या, आणि कितीतरी माणसं खोकत होती. त्या वर्षी दुकानात कोणी नुसतं खाकरलं तरी मी सामान तिथेच टाकून बाहेर यायचे.

"सगळे खोकतायत," तो म्हणाला. "ठेवू फोन?"

"नको," मी म्हटलं. "ऐकू दे."