कापलेला धडा

सदर कर्मचारी: स्त्री, वय त्रेपन्न, उंची बेताची. पद: शिवणकाम, वस्त्रदुरुस्ती विभाग, रुग्णालय. सेवा: बावीस वर्षे, निष्कलंक. (एकदा सुई हरवल्याची नोंद आहे, ती दुसऱ्या दिवशी सापडल्याची नाही.) पर्यवेक्षकपदी बढतीस पात्र, तथापि खात्याच्या इंग्रजी परीक्षेत दोनदा अनुत्तीर्ण. तिसरी संधी अंतिम समजावी.

अंतिम म्हणजे काय, हे मावशींना विभागातल्या इस्त्रीवाल्याने डबा खाता खाता फोड करून सांगितलं. या खेपेला नापास झाल्या, तर पर्यवेक्षकाच्या खुर्चीत बाहेरचं कोणीतरी येऊन बसणार, आणि बावीस वर्षं रुग्णांच्या गाऊनना नाड्या लावणाऱ्या बाईला नाडी कशी लावायची ते शिकवणार. मावशींचा घास तेवढ्यापुरता हातातच राहिला.

सगळं रुग्णालय त्यांना मावशीच म्हणे. खरी भाची एकच, ती शाळेत इंग्रजी शिकवायची. रोज संध्याकाळी ती आपलं कॉलेजातलं व्याकरणाचं पुस्तक घेऊन शिवणाच्या खोलीत येई. घोडं अडलं होतं वाक्यांपाशी. लांब इंग्रजी वाक्याच्या पोटात छोटी वाक्यं असतात, भाची सांगे. त्यातलं प्रधान वाक्य आपल्या पायांवर उभं राहतं. बाकीची गौण: एक नामाच्या जागी बसतं, दुसरं नामाला चिकटून त्याची ओळख देतं, तिसरं केव्हा, कुठे, का ते सांगतं. मावशी मान डोलवत. मान डोलवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पुस्तक मिटलं की पाटी कोरी.

"मावशी, तुला नेमकं काय कळत नाही?" भाचीने शेवटी विचारलं.

"काय कळत नाही ते कळलं असतं, तर तुला कशाला बोलावलं असतं?"

परीक्षेला आठ दिवस उरले. दुपारी हातात काम नव्हतं, भाचीचं पुस्तक कापड बेतायच्या टेबलावर पडलं होतं. एखादा कपडा कसा बेतलाय ते कळेना, की मावशी तो उसवून बघत. पुस्तकाचंही त्यांनी तेच केलं. खडूने खुणा केल्या आणि कात्री चालवली.

मग एकेक तुकडा वेगळा ठेवून त्या निरखू लागल्या. 'नर्सने दिवा मालवला' अशा अर्थाचा इंग्रजी तुकडा निवांत पडून राहिला. 'कारण रुग्ण झोपला होता' हा मात्र नुसत्या नाडीसारखा, कशाला तरी बांधल्याशिवाय उपयोगाचा नाही. तो त्यांनी दिव्याच्या वाक्याला टाचला. 'जी कालच रुजू झाली' हा खिसा. तो नर्सलाच लागणार, भलतीकडे लावला तर लोक हसतील. आणि 'डॉक्टर काय म्हणाले ते' ही अख्खी बाही. काढली की तिथे भोकच. दिवेलागणीपर्यंत वाक्यांच्या धड्याचं शेवटचं पान एका जुन्या चादरीवर टाचलं गेलं. मावशी भलत्याच खुशीत होत्या.

इस्त्रीवाल्याने कौतुकाने एक तुकडा उचलला, उलटून पाहिला.

"मावशी, याच्या मागेही काहीतरी लिहिलंय."

कापडालाही उलटी बाजू असते, पण तिच्यावर पुढचा धडा नसतो. इथे होता. कर्तरी आणि कर्मणी प्रयोगांचा तो धडा आता सत्तावीस तुकड्यांत पालथा पडला होता, समासातल्या भाचीच्या बारीक टिपांसकट.

भाची आली. मावशींनी चादर पुढे केली. भाचीने एकेक तुकडा वाचून पाहिला. मग तिने दोन टाचण्या काढल्या, दोन तुकड्यांची अदलाबदल केली आणि बाकी सगळं बरोबर असल्याचं सांगितलं. मावशींनी सोडलेला श्वास शेजारच्या वॉर्डात ऐकू गेला असेल.

"आणि माझं पुस्तक?"

"शिवून देते."

"पानं कोणी शिवतं का, मावशी?"

"मग बाइंडिंगवाले काय करतात? रफू?"

हसू आवरत भाचीने परीक्षेनंतर ती चादर आपल्या वर्गासाठी मागून घेतली.

परीक्षेत मावशींनी वाक्यांवर पेन्सिलीने रेघा मारल्या, शिलाई दिसते तिथे तिथे, आणि तो प्रश्न सगळा सोडवला. प्रयोगांचा प्रश्न दहा गुणांचा होता. त्याला त्यांनी हात लावला नाही. तो धडा आपण कापलेला आहे, हे त्यांना पक्कं आठवत होतं. पास व्हायला चाळीस लागत, मिळाले त्रेचाळीस. तीन गुणांची माया सोडली म्हणायची, असं इस्त्रीवाला म्हणाला. शिवणारा माणूस शिलाईच्या कडेला जादा कापड सोडतो, त्याला माया म्हणतात.

पंधरवड्याने आदेश आला. सदर कर्मचाऱ्याने सोमवारपासून वस्त्रदुरुस्ती विभागातील समस्त कर्मचारीवर्गावर देखरेख, नियंत्रण व मार्गदर्शन करावे.

समस्त कर्मचारीवर्ग म्हणजे इस्त्रीवाला. सोमवारी तो रजेवर होता.