उजवा स्पीकर मुका होता, मी नाही

मंडळी, आज राग आधी लिहिते, आनंद मागून.

किट मागवून मी घरी बनवलेल्या व्हॉल्व्हच्या (जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्यांच्या) अ‍ॅम्प्लिफायरची डावी बाजू छान गात होती आणि उजवी तीन आठवडे मुकी. व्हॉल्व्ह अदलून-बदलून पाहिले, प्रत्येक जोड पुन्हा सोल्डर केला. किट विकणाऱ्याला फोन केला, तर म्हणतो, "आंटी, घरात कोणी जेन्ट्स असतील तर त्यांना बघू द्या."

घरात मी आणि माझा बोका. त्याला सोल्डरिंग येत नाही.

आज ते धूड मांडीवर घेऊन एसटीने चिखली गाठली. तिथे रशीदभाईंनी जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेत. मी सर्किट बोर्डावर छापलेले आकडे वाचून दाखवू लागले, तर ते म्हणाले, "मॅडम, छापलेलं काऊन वाचून राह्यल्या? तांब्याची रेघ कुठी जाते ते पाहा ना!"

मी कॉन्व्हेंटची. छापलेलं चुकतं, हे डोक्यातच येत नाही. डाव्या बाजूशी उजवी ताडून पाहिली. उजवीकडे दोन रेझिस्टरचे आकडे एकमेकांच्या जागी छापले होते, आणि मी आज्ञाधारकपणे तसेच लावले होते! तिथेच बदलले, रशीदभाईंचे स्पीकर जोडले. उजवा स्पीकर बोलला.

"हाव, आता कसा!" रशीदभाई म्हणाले.

विक्रेत्याला फोटो पाठवला. "सॉरी मॅडम, नवा बोर्ड पाठवतो." आंटीची मॅडम झाले! मी कळवलं, बोर्ड नको, छपाई सुधारा आणि सगळ्या गिऱ्हाइकांना सांगा.

तुमच्यापैकी कुणी 'आपल्याला जमत नाही' म्हणून असा बोर्ड कपाटात टाकलाय का? बाहेर काढा. चूक तुमची नसेलही.