आधी पाय दाबा

चार जणी डबा उघडून बसलो की मुलं मोजण्याचे किस्से निघतातच. वजनकाटा, दंडाची पट्टी आणि चरबी मोजायचा चिमटा घेऊन मी गेवराई तालुक्यातल्या अंगणवाड्या फिरते. पिशवीत सामान कमी, किस्से जास्त! फक्त त्यात हसं बहुतेक वेळा माझंच झालेलं असतं.

*

तलवाड्याला एका पोराच्या दंडाला चिमटा लावला. कातडीखाली चरबी किती, ते त्यावरून कळतं. पोरानं मला नीट न्याहाळलं.

"मॅडम, आई चिमटा काढती तवा कारण सांगती. तुमी कावून काढला?"

खरंच की! इतक्या वर्षांत मी एकाही पोराला कारण सांगितलं नव्हतं.

*

दंडाची पट्टी लाल आली की मूल फारच वाळलंय असं समजायचं. एक मुलगी पट्टी बघूनच रडायला लागली, म्हणून मी आधी माझ्या दंडाला लावून दाखवली. पट्टी पुरेचना!

"मॅडमची पट्टी संपली!" सगळी अंगणवाडी ओरडली. मी गुपचूप बाही खाली ओढली.

*

चकलांब्याला दुकानदाराचा गुटगुटीत नातू. आकडा बघून मी सगळ्यांसमोर बोलून गेले, "अगं बाई, नुसती चरबी!" त्यानं हातातला लाडू ताटलीत परत ठेवला.

आजी एवढंच म्हणाली, "बाई, माझ्या कानात सांगितलं असतं तर?" मला मान वर करवेना.

*

राहिला एक. तो मी डब्यावर सांगत नाही.

माजलगावकडून ऊसतोड करून एक कुटुंब परतलं. त्यांची अडीच वर्षांची राणी, आधी काडीसारखी. काट्यावर ठेवली तर वजन चांगलंच वाढलेलं! मी टाळ्या वाजवल्या, ग्रुपवर फोटो टाकला.

आई म्हणाली, "मॅडम, ती काईच खात न्हाई. मंग वजन कसं वाढलं?"

"अगं, चांगलं झालं तरी शंका!" मी तिलाच झापलं.

आठ दिवसांनी आमच्या डॉक्टरांनी राणीच्या पावलांवर अंगठे दाबले. दोन्हीकडे खड्डे पडले, ते भरेचनात. "उपासमारीची सूज आहे ही. वाढलं ते अंगात साठलेलं पाणी. पाय दाबले नव्हते?"

नव्हते. वजनाआधी पाय दाबायचे हे मला पाठ होतं. पण रांग मोठी होती आणि मला जेवायची घाई होती. राणी कितीतरी दिवस दवाखान्यात होती. वाचली. तिची आई मला एका शब्दानं बोलली नाही.

परवा शाळेत तपासणीला गेले. राणी आता पहिलीत आहे. मी पिशवी उघडायच्या आत तिनं चपला काढल्या आणि दोन्ही पाय पुढं केले.

"मॅडम, आधी पाय दाबा. आई म्हणली, तुमी इसरता."