टेकचंदशेठच्या गोदामातली धामण

पालेगावच्या बबन मढवीला नोकरी लागली ती उंदरांमुळे. एरवी त्याच्या अंगी नोकरी लागण्यासारखं काही नव्हतं.

साल अठ्ठ्याऐंशी असेल. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात टेकचंदशेठचा जीन्स शिवायचा कारखाना होता आणि त्याच्या मागे कापडाचं गोदाम. जीन्सच्या कोऱ्या कापडाला खळ असते आणि खळ उंदराला आवडते. शिवाय बाळंतपणाला खिशाचं मऊ अस्तर, राहायला कोपऱ्यातला कतरणीचा, म्हणजे कापून उरलेल्या चिंध्यांचा ढीग आणि जेवायला कारागिरांच्या डब्यांतून सांडलेली चपाती. विष घालून पाहिलं, तर उंदीर नेमके गठ्ठ्याच्या पोटात शिरून मरत आणि तो वास ऑर्डरबरोबर परगावी जाई.

"खेतीवाला है ना? चूहा मारना आता है?" शेठने विचारलं.

"आता है," बबन म्हणाला.

हे सपशेल खोटं होतं. मढवींच्या घरात उंदीर माणसांनी मारायची पद्धतच नव्हती. ते काम भाताच्या कणगीमागे राहणारी धामण करायची. जनावर बिनविषारी. ते वाटेत दिसलं की घरातल्या बायका थोरली जाऊ यावी तशा पदर सावरून बाजूला होत.

सापळ्यात आधी बबनची बोटं सापडली. मग एका सकाळी त्याने धामण पोत्यात घातली आणि शेअर रिक्षात बसला.

"भाऊ, पायाला कायतरी लागतंय," शेजारचा म्हणाला.

"वांगी हायत."

"हलतात?"

"ताजी हायत."

धामण गोदामात शिरली आणि उंदीर असे ओसरले की शेठने बबनची पाठ थोपटली. थोपटता थोपटताच म्हणाला, "अब चूहा नहीं, तो तेरा काम क्या?"

खरवईच्या गंगूशी बबनची सोयरीक जमली होती, ती 'मुलगा कॅम्पात कामाला आहे' एवढ्या एका वाक्यावर. ते वाक्य गेलं की मागे उरणारा मुलगा गंगूच्या बापाला नको होता.

"आतल्या अंगाला अजून हायत शेठ," तो म्हणाला, आणि त्या दुपारपासून त्याने उंदरांना खायला घालायला सुरुवात केली.

कटिंगवाल्या सुदामने ते पाहिलं. "काय रे, पगार मारायचा घेतोस आणि वर जेवण वाढतोस?"

"उपाशी ठेवले तर पळून जातील. मग मारू कोणाला?"

सुदामला हे पटलं. उरलेली भाकरी तोही आणून देऊ लागला.

सगळं छान बसलं. कारागिरांचे डबे उंदरांना पोसत, उंदीर धामणीला पोसत, धामण बबनला पोसत होती आणि बबनच्या जिवावर खरवईत एक लग्न उभं होतं. सापळ्यात अधूनमधून सापडणारा उंदीर तो शेठला दाखवून येई, म्हणजे खातं चालू आहे हे कळावं.

घरी मात्र खातं बंद पडलं होतं. पालेगावात कणगीला भोकं पडली.

"बबन्या, धामण कुठं गेली रं?" त्याची आई चांगुणा विचारायची.

"गेली असंल शेतात. तिची मर्जी."

"आन् उंदीर घरात आलं, ती पन त्यांची मर्जी?"

त्यात दिवाळी आली. शेठने साफसफाई काढली आणि कतरणीचा अख्खा ढीग चिंधीवाल्याला विकायला काढला.

"कतरण राहू द्या शेठ," बबन काकुळतीला आला.

"क्यों? कतरण से शादी है तेरी?"

ढीग उचलला गेला. बेघर झालेले उंदीर जवळपास जिथे मऊ बिछाना आणि खाण्याची सोय होती तिथे गेले. म्हणजे शेठच्या केबिनमध्ये. तिथे गादीत नुकताच नवा कापूस भरला होता आणि गिऱ्हाइकांना वाटायचे काजू-बदामाचे डबे रचलेले होते. उंदरांमागून धामणही आली.

शेठ कोणाशी तरी फोनवर बोलत होता. फोनच्या तारेशेजारी आणखी एक तार हललेली पाहून तो शांतपणे म्हणाला, "साईं, मैं बाद में करता हूँ," आणि गादीवर उभा राहिला.

बबनला बोलावलं. त्याने हात पुढे केला. धामण ओळखीच्या दांडीवर चढावी तशी त्याच्या हातावर चढली.

"ये तुझे पहचानता है?" शेठ गादीवरूनच म्हणाला.

बबनला या वेळी खोटं सुचेना. "घर की है, शेठ."

शेठने कुरतडलेले काजूचे डबे पाहिले, धामणीचं पोट पाहिलं, मग गोदामातला तो मोकळा, स्वच्छ कोपरा पाहिला.

"इसको घर छोड़ के आ," तो म्हणाला. "और तू..."

बबनला गंगूच्या बापाचा चेहरा दिसला.

"तू चिंधीवाले से कतरण वापस ला. चूहे को उसका घर दे, मेरा छुड़ा. और चूहे को उधर ही सँभाल. वही तेरा काम."

संध्याकाळी पोतं पुन्हा शेअर रिक्षातून गेलं. या वेळी कोणी विचारलं नाही. कणगीपाशी तोंड सोडताच धामण मागे वळूनही न बघता आपल्या जागी गेली.

चांगुणा बघत राहिली. "कॅम्पातलं खानं मानवलं हिला," एवढंच म्हणाली.

बबन पोत्याची घडी घालत बसला होता. ती घालून झाल्यावर त्याने विचारलं, "आये, हिची पिल्लं कवा निघतात?"

"पावसाल्यात. कशाला?"

"असंच," बबन म्हणाला, आणि पोतं टाकून न देता जपून खुंटीला अडकवलं.